‘बाबा’ नावाचा रेड: आठ महिने वापरल्यावर

पोकेमॉन, म्हणजे अजब प्राणी पकडून झुंजवायचा व्हिडिओ गेम, त्याचा पहिलावहिला नायक, लाल टोपीवाला रेड, गेले आठ महिने आमच्या घरी वापरात आहे. थोडा वेळ माझ्या हातात, बराच वेळ लेकीच्या. खेळाबद्दल लिहिणारे ढीगभर आहेत. मला लिहायचंय ते या पोराबद्दल, कारण इतकं कमी बोलून इतका लक्षात राहणारा नायक मी दुसरा पाहिलेला नाही.

आधी सामानाचं सांगतो. आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. जुन्या गेमच्या एका दुकानात लाल कार्ट्रिज दिसलं (आपण लहानपणी ‘कॅसेट’ म्हणायचो तेच), डबा नाही, पुस्तिका नाही, कोपऱ्यावर कुणा पोराने पेनने मारलेल्या दोन रेघा. पहिला लाल आणि हिरवा गेम जपानात २७ फेब्रुवारी १९९६ ला आला, त्यातलं हे लाल. सोबत एक जुना गेमबॉय ॲडव्हान्स एसपी घेतला. त्याच्या पडद्याला उजेड असतो, त्यामुळे मेट्रोच्या तोझाई लाइनच्या गर्दीत उभ्याने खेळता येतं. लेकीच्या वाचनासाठी म्हणून घेतोय असं मी घरी सांगितलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. या गेममध्ये कांजी (चिनी चित्राक्षरं) नाही, सगळा मजकूर ‘काना’ या साध्या उच्चारी लिपीत, शब्दांमध्ये जागा सोडून. तिसरीतल्या पोरीला धडाधड वाचता येतो. उलट मलाच कांजीशिवाय अडखळायला होतं.

सुरुवातीला प्रोफेसर तुमचं नाव विचारतात. जपानीत ते ओकिदो, पण मी सवयीने ‘प्रोफेसर ओक’ म्हणालो आणि पुण्याहून व्हिडिओ कॉलवर असलेल्या आजीने लगेच विचारलं, “कुठले ओक?” या ओकांना स्वतःच्या नातवाचं नाव आठवत नाही, तेही तुम्हालाच सांगावं लागतं. असो. तर नाव. तयार पर्याय तीन: रेड, सातोशी, जॅक. स्वतःचं घालायचं तर पाच अक्षरांत. लेकीने पडद्यावरच्या मुलाकडे पाहिलं.

“मुलगी नाहीये?”

“नाही. तेव्हा नव्हती.”

“मग तूच हो,” म्हणाली आणि ‘बाबा’ असं टाइप करून मोकळी झाली.

हा माझा पहिला तक्रारीचा मुद्दा, आणि तो खराच आहे. मुलगी म्हणून खेळायची सोय मुख्य मालिकेत आली ती २००० सालच्या क्रिस्टलमध्ये. याच गोष्टीत मुलगी होऊन फिरायला २००४ च्या फायररेडपर्यंत, म्हणजे याच गेमच्या नव्या आवृत्तीपर्यंत, थांबावं लागलं. आठ वर्षांच्या मुलीला याचं कारण समजावून सांगायला मला काही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिची वर्गमैत्रीण घरी आली, पडदा पाहिला आणि गडाबडा लोळायला लागली. जपानी कानाला ‘बाबा’ म्हणजे म्हातारी. गेमला याचं काय, तो प्रत्येक निरोप इमानदारीत छापतो. झुंज जिंकली की म्हातारीला बक्षिसाचे पैसे मिळतात. हरली की, आणि जपानी मजकुरात हे अक्षरशः असंच आहे, म्हातारीच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. ओकांच्या टेबलावरच्या तीन पोकेमॉनमधून आम्ही आगवाला चार्मँडर घेतला होता आणि पहिलंच जिम (झुंजीचा अड्डा, तिथे जिंकलं की बॅज मिळतो) दगडवाल्या ब्रॉकचं, त्यामुळे म्हातारीच्या डोळ्यांपुढे लवकरच आणि दोनदा अंधारी आली. दर खेपेला खिशातले निम्मे पैसे जातात, हेही सांगून ठेवतो.

आता रोजच्या वापराबद्दल. रेड चालतो हळू. पळता येत नाही, ती सोय नंतरच्या गेममध्ये आली. पिशवीत फक्त वीस प्रकारच्या वस्तू मावतात. एकविसावी समोर पडलेली असली तरी ती तिथेच ठेवून यायचं. वाटेतलं झुडूप तोडायचं तर मेनू उघडा, पोकेमॉन निवडा, मग त्याची ‘तोड’ निवडा. दर झुडपाला हेच. पोकेमॉन ठेवायचा कॉम्प्युटरमधला खोका भरला की नवा पकडता येत नाही, आणि खोका हाताने बदलावा लागतो हे दुर्मीळ काहीतरी समोर आल्यावरच आठवतं. सायकल मात्र मजेशीर आहे. दुकानात किंमत दहा लाख येन आणि रेडच्या पाकिटाची कमाल मर्यादा ९,९९,९९९. म्हणजे जन्मभर झुंजलात तरी एक येन कमीच पडणार. त्यासाठी बंदरगावातल्या पोकेमॉन फॅन क्लबच्या अध्यक्षांचं स्वतःच्या लाडक्याबद्दलचं पाल्हाळ मुकाट्याने ऐकावं लागतं, मग सायकलचं कूपन मिळतं. पैशाने न होणारं काम कुणाच्या तरी गप्पा ऐकल्यावर होतं, हे सोसायटीच्या कार्यालयात हेलपाटे घातलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पण खरी गंमत रेडच्या तोंडात आहे, म्हणजे त्याच्या गप्प बसण्यात. सगळं जग त्याच्याशी बोलतं आणि तो फार तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यातलं एक निवडतो. आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर हिंदीतून ज्याला पाहून एक पिढी मोठी झाली तो पोकेमॉन कार्टूनमधला ॲश वेगळा. तो बडबड्या, रडणारा, हट्टी, वर्षानुवर्षं हरणारा, शेवटी २०२२ मध्ये जगज्जेता झालेला. ॲशचं मूळ जपानी नाव सातोशी, गेमचे जनक सातोशी ताजिरी यांचंच. ताजिरी तोक्योच्या पश्चिमेच्या माचिदात वाढले, लहानपणी किडे पकडत फिरायचे, आणि दोन गेमबॉयना जोडणाऱ्या वायरीवरून किडा इकडून तिकडे चालत गेला तर, असं त्यांच्या डोक्यात आलं. ॲशला मालिकेने स्वभाव दिला. रेडला कुणीच काही दिलं नाही.

त्याच्या गावाचं नावसुद्धा तसंच. इंग्रजीत पॅलेट टाउन, जपानीत मासारा. निशी-कासाईत राहणाऱ्या भारतीयाला ते ‘मसाला’ ऐकू येणारच, मला आलं. पण गावातली पाटी लेकीने मोठ्याने वाचली तेव्हा थांबलो. त्या पाटीचा मराठीत अर्थ असा: मासारा पांढराशुभ्र, सुरुवातीचा रंग. पुढची बहुतेक सगळी गावं रंगांच्या नावांची आहेत. निबी करडं, यामाबुकी पिवळं, गुरेन लालभडक. आणि हा मुलगा निघतो तो कोऱ्या कागदाच्या गावातून.

रेड अगदीच मुका आहे असंही नाही. घरातून निघण्याआधी खालच्या मजल्यावरचा टीव्ही पाहा. त्यावर सिनेमा लागलेला असतो, चार मुलगे रेल्वेच्या रुळांवरून चाललेले. त्यानंतर एक ओळ येते: “मलाही आता निघायला हवं!” जपानीत ‘बोकु’, मुलगे स्वतःला म्हणतात तसं. हे टीव्ही सांगत नाही, आई सांगत नाही, हे त्याचं स्वतःचं वाक्य. मला तरी पूर्ण गेममध्ये त्याचं स्वतःचं म्हणता येईल असं दुसरं सापडलं नाही. लेक घरी परत आली की मुद्दाम टीव्हीपुढे जायची, तेवढं वाचायची आणि पुन्हा बाहेर पडायची.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी घात झाला. पाच बॅज झाले होते. सकाळी गेम चालू केला तर ‘पुढे चालू’ हा पर्यायच नाही, थेट नवा खेळ. या जुन्या कार्ट्रिजमध्ये खेळ साठवायला आत एक बटणासारखी बॅटरी असते, ती संपली की आठवणही संपली. दुकानदाराने ‘चालतंय’ एवढंच सांगितलं होतं. चालत होतंच म्हणा. मग साध्या स्क्रू-ड्रायव्हरला दाद न देणारे ते विशेष स्क्रू, त्यांच्यासाठी ३.८ मिलिमीटरचं खास टोक, पत्री जोडलेली नवी बॅटरी, उसना सोल्डरिंग गन असा एक रविवार गेला. जुनं कार्ट्रिज घेणार असाल तर आधी बॅटरीची चौकशी करा. लेकीने त्या दिवशी माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी म्हणाली, “बाबा मेला का?” बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

दुसऱ्या वेळी पुन्हा ‘बाबा’च. या खेपेला दगडवाल्यांना भारी पडणारा बल्बासॉर, म्हणून ब्रॉक एका बैठकीत. तीन महिन्यांत आठ बॅज, मग लीग नावाच्या शेवटच्या फेरीतले चौघे, आणि त्यांच्यापुढे चॅम्पियन होऊन बसलेला तो ओकांचा नातू. हरल्यावर नातू चिडतो, आजोबा येऊन त्याचीच कानउघाडणी करतात आणि कौतुक आपलं करतात. आपण तिथेही गप्प. लेकीला नातवाचीच दया आली. यादीतले सगळे पोकेमॉन मात्र एकट्याने मिळवता येत नाहीत. काही फक्त हिरव्यात मिळतात, काही वायरीने अदलाबदल केल्याशिवाय पुढच्या रूपात जात नाहीत. वायर आम्ही घेतली नाही, एवढ्यावर थांबलो.

म्हणजे थांबलो असतो. पण मग २००९ चा हार्टगोल्ड आणला. १९९९ च्या गोल्डचीच ही नवी आवृत्ती, गोष्ट रेडच्या विजयानंतर तीन वर्षांनी घडणारी. इथे मुलगी निवडता येते, हे पाहून लेक सोफ्यावर उभी राहिली. या खेपेला नाव तिचं स्वतःचं. पोकेमॉन मागे मागे चालतो, पळता येतं, सगळं सुखाचं. माझ्या हातात गेम येणं बंद झालं.

सोळा बॅज झाल्यावर शिरोगाने डोंगराची वाट उघडते. शेवटी काय आहे ते मला माहीत होतं, मी बोललो नाही. वर गारा पडत असतात. टोकाला एक जण पाठमोरा उभा. लाल टोपी. लेकीने बटण दाबलं. तो वळला, आणि बोलायच्या जागी फक्त टिंबं आली.

“बाबा,” ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “हा तर तू.”

त्याचा पिकाचू ८८ व्या पातळीचा. मागे लॅप्रास, स्नॉरलॅक्स, आणि ओकांच्या टेबलावरचे तिन्ही, पूर्ण वाढलेले. मालिकेत तोवर भेटलेल्यांत सगळ्यात अवघड. आमच्या घरात पाच महिने जो कोरा पोरगा जिने चालवला, तोच आता तिच्या समोर उभा, तिच्या हातात नसलेला, आणि ती काय करेल याची वाट पाहत. मी गप्प राहणारे नायक आवडत नसलेल्यांपैकी होतो. लेखकाचा आळस वाटायचा तो. आता म्हणेन की रेड बोलला असता तर ही भेट झालीच नसती. आधीच्या गेममध्ये त्याचं गप्प राहणं म्हणजे आपल्याला दिलेली जागा होती. इथे ते त्याचं स्वतःचं झालंय, आणि आत काय आहे ते आपल्याला विचारता येत नाही. नंतरच्या २०१६ च्या सन आणि मूनमध्ये तो मोठा होऊन येतो, तेव्हाही टिंबंच. पण बेटावरच्या उन्हात, मित्र शेजारी असताना, ते नुसतं लाजणं वाटतं.

लेक चार वेळा हरली. पाचव्यांदा, एका शनिवारी दुपारी, जिंकली. पुन्हा टिंबं, आणि तो नाहीसा. श्रेयनामावली सुरू झाली, जी वाचायला ती थांबली नाही. गेम पुन्हा चालू करून थेट डोंगरावर गेली. गुहा, गारा, टोक. तिथे कुणी नव्हतं.

“गेला कुठे?”

“लीगच्या चौघांना पुन्हा हरवलंस की परत येतो.”

“आणि तोवर?”

मला सांगता येईना. तिने त्या रिकाम्या टोकावर दोन-तीनदा बटण दाबून पाहिलं. मग जुना एसपी काढला, लाल कार्ट्रिज घातलं आणि म्हातारीला मासाराच्या घरी नेऊन टीव्हीपुढे उभं केलं.