सी कयाकवर आठ महिने: व्हीएचएफ, पीएलबी, जीपीएस आणि होकायंत्र

आठ महिने खाऱ्या पाण्यात वापरल्यावर या चारांपैकी सर्वांत जास्त लिहिण्यासारखं आहे ते हातातल्या व्हीएचएफ सेटबद्दल, म्हणजे समुद्रावर बोलायच्या रेडिओबद्दल. सेट 5 वॅटचा, तरंगणारा, डीएससी (बटण दाबून संकटसंदेश पाठवायची सोय) असलेला.

आधी रेंज. व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि कयाकमध्ये बसलेल्याच्या छातीवरचा अँटेना पाण्यापासून जेमतेम 1 मीटर वर असतो. म्हणजे रेडिओचं क्षितिज सव्वादोन सागरी मैलांच्या आतच संपतं. दोन कयाकमधलं साडेचार मैल अंतर हा हिशेब सपाट समुद्राचा. मध्ये लाट उभी राहिली की शब्द तुटायला लागतात. समोर किनाऱ्यावर 100 मीटर उंचीवर अँटेना असेल, तर हाच सेट वीसेक मैलांवरूनही पोचू शकतो. त्यामुळे इथे वॅटपेक्षा उंचीचं महत्त्व जास्त. सेट उभा धरा, लाटेच्या माथ्यावर आलात की बोला. कयाक उलटून पाण्यात पडल्यावर अँटेना वीतभरच वर राहतो आणि क्षितिज मैलभरावर येतं, हे आधीच लक्षात असू द्या. गटातल्या बोलण्याला 1 वॅट पुरतो. 5 वॅटवर सतत बोलाल तर दुपारपर्यंत बॅटरी खाली.

स्पीकरच्या जाळीत पाणी साचलं की आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. सेट पालथा धरून दोन-तीन झटके दिले की मोकळा होतो. खरा त्रास चार्जिंगच्या पट्ट्यांचा. ओला सेट तसाच चार्जरवर ठेवला तर मीठ आणि वीज मिळून पट्ट्यांवर हिरवट थर धरतो आणि चार्जिंग मध्येच थांबतं. गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडा करा, मगच चार्जरवर ठेवा.

डीएससीसाठी नऊ अंकी एमएमएसआय (ओळख क्रमांक) सेटमध्ये भरावा लागतो. बऱ्याच सेटमध्ये तो एक-दोनदाच भरता येतो, म्हणून अंक दुसऱ्याकडून तपासून घ्या. लाल झाकणाखालचं बटण काही सेकंद दाबून धरलं की संकटसंदेश चॅनेल 70 वर जातो. त्यानंतर चॅनेल 16 वर तोंडी सांगायचं. मात्र जीपीएसने ठिकाण पकडलेलं नसेल तर संदेश ठिकाणाशिवाय जातो. सेट किनाऱ्यावरच चालू करा. जाड हातमोजे घालून ते झाकण उघडायचा सरावही तिथेच करा.

पीएलबीबद्दल (संकटात आपलं ठिकाण कळवणारं खिशातलं यंत्र) थोडक्यात: 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संदेश, जवळ आलेल्या शोधपथकासाठी 121.5 वर खूण, एकदा चालू केला की किमान 24 तास. बोलता येत नाही, पण लाटेआड रेंज जात नाही. नोंदणी केलेली हवी. अँटेना आकाशाकडे आणि पाण्याबाहेर हातात धरावा लागतो. तरंगत सोडून दिला तर भरवसा नाही. बॅटरीची तारीख झाकणावर असते, ती वाचा.

आता होकायंत्र. व्हीएचएफ डेकवरच्या बंजीखाली (ताणल्या जाणाऱ्या दोरीखाली), होकायंत्राला लागून खोचायची सवय वाईट. स्पीकरमध्ये चुंबक असतो. सेट हळूहळू पुढे सरकवत काटा पाहा, कुठून हलायला लागतो ते लगेच कळेल. 6 अंशांची चूक 5 मैलांच्या पल्ल्यात अर्धा मैल बाजूला नेते. धुक्यात तेवढ्यात खाडीचं तोंड हुकतं. दोन्ही वस्तूंमध्ये हातभर अंतर ठेवा. खरं तर व्हीएचएफ आणि पीएलबी यांची जागा डेकवर नाहीच, लाइफजॅकेटच्या खिशात, दोरीने बांधून. कयाक वाऱ्याने निघून गेली तर डेकवरचं सगळं तिच्याबरोबर जातं.

जीपीएस बटणांचा घ्या. टचस्क्रीनवर खारं पाणी उडालं की पडदा बोट ओळखत नाही, कधी आपोआप नकाशा सरकवतो. ठिकाण दाखवण्याची पद्धत अंश आणि दशांश मिनिटं अशी लावा. रेडिओवर तीच चालते. दशांश अंशांतलं 0.50 म्हणजे 30 मिनिटं. ऐकणाऱ्याने ते 50 मिनिटं धरलं, तर अक्षांशावर 20 सागरी मैलांचा फरक पडतो.