ग्लुकोमीटर वापरून बरेच महिने झाले: आकडा किती खरा धरायचा?

बाबांची साखर रोज सकाळी उपाशीपोटी आणि अधूनमधून जेवणानंतर दोन तासांनी घरीच बघते. इतक्या वापरानंतर माझं मत असं झालंय की मशीन बिचारं बऱ्यापैकी सरळ असतं, घोळ होतो तो बोट आणि स्ट्रिप यांच्यात.

एकाच बोटाला पाठोपाठ दोन स्ट्रिप लावल्या की 142 आणि 153 असे आकडे येतात आणि माणूस चिडतो. पण एवढा फरक गृहीतच धरलेला आहे. घरगुती ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ 15197 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2013 च्या आवृत्तीत, साखर 100 च्या खाली असेल तर 15 मिलिग्रॅम आणि 100 किंवा त्याहून वर असेल तर 15 टक्के कमीजास्त चालतं, तेही 95 टक्के रीडिंगमध्ये. म्हणजे लॅबच्या 200 ला घरी 172 आले काय किंवा 228 आले काय, मीटर नियमात बसलं. हे कळल्यापासून आमच्याकडे पाच-दहा आकड्यांवरून वाद होत नाहीत.

हात धुणं मात्र सोडू नका. एकदा बाबांनी नुकतंच फळ खाऊन बोट पुढे केलं, मीटरने 214 दाखवले. साबणाने हात धुऊन, नीट पुसून दुसऱ्या बोटातून घेतलं तर 139. बोटाला लागलेला फळाचा रस रक्ताच्या इवल्याशा थेंबात मिसळला की एवढा फरक पडतो. स्पिरिटने पुसलं असेल तर ते पूर्ण वाळू द्या. हात गार असतील तर कोमट पाण्याने धुवा, रक्त आपसूक येतं. बोट पिळून पिळून थेंब काढला तर पेशींभोवतालचं पाणी त्यात उतरतं आणि रीडिंग बिघडतं. टोचायचं ते बोटाच्या कडेला, मधोमध जास्त दुखतं.

स्ट्रिपवर एन्झाइम असतं आणि दमट हवा त्याची वैरी. डबीतच ओल शोषणारं द्रव्य असतं, म्हणून स्ट्रिप काढली की झाकण लगेच टक्कन लावायचं. चार स्ट्रिप पाकिटात टाकून प्रवासाला नेणं, डबी बाथरूममध्ये ठेवणं, हे नको. डबी उघडल्यावर किती दिवस चालते ते लेबलवर असतं, पण अक्षरं मुंगीएवढी. मी उघडल्याची तारीख मार्करने झाकणावर टाकते.

लॅबशी ताडून बघायचं असेल तर उपाशीपोटी, नमुना देतानाच बोटातून घ्या. जेवणानंतर बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा मुळातच जास्त असते, तेव्हाची तुलना फुकट. शिवाय नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात, त्यामुळे नमुना तसाच पडून राहिला तर लॅबचाच आकडा खाली येतो. आणि घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर हेही लक्षात ठेवा: रक्तात लाल पेशी कमी असल्या की बरीच मीटर साखर असते त्यापेक्षा जास्त दाखवतात. किती हिमॅटोक्रिटपर्यंत (म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणापर्यंत) मीटर चालतं ते माहितीपत्रकात दिलेलं असतं.

घाम, थरथर सुरू झाली आणि आकडा 70 च्या खाली असेल तर मात्र फेरतपासणीत वेळ घालवू नये, आधी साखर तोंडात.

तक्रारी दोन. बॅटरी बदलली की माझ्या मीटरचं घड्याळ मागे जातं, मग सकाळचं रीडिंग रात्रीचं म्हणून नोंदलं जातं आणि सरासरीला काही अर्थ उरत नाही. दुसरं, कंट्रोल सोल्युशन (मीटर तपासायचं, ठरावीक साखर असलेलं द्रावण) खोक्यात आलंच नाही, वेगळं मागवावं लागलं. मीटरवर शंका आली तर त्याचा थेंब स्ट्रिपला लावायचा आणि आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत येतो का बघायचं. इतकी कामाची गोष्ट वगळायला नको होती.

नवीन घेणार असाल तर मीटरच्या किमतीला भुलू नका. त्याच्या स्ट्रिप जवळ सहज मिळतात का आणि केवढ्याला पडतात, ते आधी विचारा.