आधी बिल्बो की आधी फ्रोडो?

‘ते अंगठीवाले सिनेमे’ या सुट्टीत एकदाचे बघायचेच असं घरात ठरतं आणि पहिल्याच प्रश्नावर घोडं अडतं. सुरुवात ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तीन भागांतल्या पहिल्या, २००१च्या ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’पासून करायची की २०१२च्या ‘द हॉबिट : ॲन अनएक्स्पेक्टेड जर्नी’पासून? दोन्हींचा दिग्दर्शक पीटर जॅक्सन, दोन्हींचा आधार टोल्किनची पुस्तकं, दोन्हीकडे इयान मॅकेलनचा जादूगार गॅन्डाल्फ आणि हॉवर्ड शोरचं संगीत. हॉबिटची गोष्ट साठ वर्षं आधी घडते, मग तीच आधी बघा, असं सांगणारं कोणीतरी भेटतंच. माझा सल्ला उलटा आहे. अपवाद एकच : सोबत बसणारी मुलं आठ-दहा वर्षांची असली तर.

दोन्ही सिनेमांच्या नायकांना मुळात घराबाहेर पडायचंच नसतं. दोघेही हॉबिट, म्हणजे बुटक्या, घरकोंबड्या जमातीतले. पण ‘हॉबिट’चा नायक बिल्बो, त्याला नको असते ती दगदग. त्याचं घर ऊबदार, फडताळं खाण्याने भरलेली, आणि एका रात्री तेरा ड्वार्फ (ठेंगणे, दाढीवाले योद्धे) न बोलावता जेवायला येऊन ती रिकामी करतात. त्याच्या बश्या हवेत भिरकावत गाणी म्हणतात. मग ड्रॅगनने बळकावलेलं आपलं घर परत मिळवायच्या मोहिमेत ये म्हणून त्याच्या हातात लांबलचक करार देतात. त्यात मोबदल्याची बाब आहे, तशीच अंत्यविधीचीही. ड्रॅगन माणसाला कसा भाजून काढतो याचं रसभरीत वर्णन ऐकून बिल्बो चक्कर येऊन पडतो. सकाळी घर शांत झाल्यावर मात्र त्याला ती शांतता खायला उठते आणि तो सही केलेला कागद फडकवत धावत सुटतो. थोडं पुढे गेल्यावर ‘थांबा, माझा रुमाल राहिला’ म्हणून परत फिरायला बघतो. मार्टिन फ्रीमनने हे सगळं अर्धवट वाक्यांत, नाक उडवत, कपाळावर आठी घालत असं काही केलं आहे की त्याच्या जागी दुसरा कोणी डोळ्यांसमोर येत नाही.

‘फेलोशिप’चा नायक फ्रोडो, त्याची गोष्ट निराळी. त्याच्याशी कोणी करार करत नाही, त्याच्या वाट्याला वारसा येतो, बिल्बोकडची दुष्ट शक्तीची अंगठी. ती एल्फ या अमर जमातीच्या रिव्हेंडेलला पोचवली की आपलं काम संपलं, आता घरी, अशा विचारात तो आणि त्याचा सोबती सॅम असतात. मग ती नष्ट करायला कोण नेणार हे ठरवायला सभा भरते. मोठमोठे योद्धे, राजपुत्र, एल्फ एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि त्या गोंगाटात हा पोरगा म्हणतो की मी नेतो, रस्ता मला माहीत नाही. तो आवाज आधी कोणाला ऐकूही जात नाही. गॅन्डाल्फ ऐकतो आणि डोळे मिटून घेतो. मॅकेलनच्या त्या एका क्षणासाठी मी तो सिनेमा पुन्हा लावायला कधीही तयार असतो.

थोडक्यात, बिल्बो ‘नको’ म्हणू शकत होता, म्हणून त्याची गोष्ट हसतखेळत चालते. फ्रोडोला ‘नको’ म्हणायची सोय उरलेली नाही, म्हणून त्याची जड होत जाते. आज तुमच्या घरात कोणती चालेल, ते तुम्हालाच माहीत.

आता क्रमाचं कारण. हॉबिटच्या पहिल्या भागातला सर्वांत सरस प्रसंग म्हणजे अंधाऱ्या गुहेतली कोडी : एकीकडे बिल्बो, दुसरीकडे अँडी सर्किसने साकारलेला, अंगठीच्या नादाने झिजलेला जीव गॉलम, हरलास तर तुला खाणार असा सौदा. तिथेच बिल्बोला अंगठी सापडते. शेवटी तो अदृश्य होऊन गॉलमच्या गळ्याशी तलवार धरतो आणि मारत नाही. हॉबिट आधी पाहिला तर हा दयाळूपणाचा एक प्रसंग, एवढंच. पण ‘फेलोशिप’मध्ये मोरियाच्या खाणीतल्या अंधारात फ्रोडो म्हणतो की बिल्बोने गॉलमला तेव्हाच मारायला हवं होतं, आणि गॅन्डाल्फ त्याला थांबवतो, त्या दयेवर पुढे अनेकांचं नशीब ठरेल, असं सुचवतो. हे आधी ऐकलेलं असेल तर गुहेत ती तलवार थबकते तेव्हा पोटात गोळा येतो.

दुसरं, गॉलम. ‘फेलोशिप’मध्ये तो जेमतेम दिसतो, काळोखातले दोन डोळे, एखादी हालचाल. पुढच्या भागात तो पुरता समोर येईपर्यंत ही चोरटी चाहूल छान काम करते. हॉबिट आधी बघणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही, कारण तो गॉलमला पोटभर भेटून आलेला असतो. शिवाय हॉबिट सुरू होतो म्हातारा बिल्बो आणि फ्रोडो यांच्यापासूनच, जणू तुम्ही त्यांना ओळखताच.

दिसण्यातही मला जुनाच उजवा वाटतो. त्यात मोठाली लघुरूपं बांधून किल्ले-नगरं उभी केली आणि बहुतेक ऑर्क (शत्रूचे राक्षसी सैनिक) म्हणजे मेकअप केलेली हाडामांसाची माणसं होती. गॅन्डाल्फ उंच आणि हॉबिट बुटके दिसावेत म्हणून एकाला कॅमेऱ्याच्या जवळ, दुसऱ्याला लांब बसवण्याची जुनी युक्तीही वापरली. हॉबिट थ्रीडीत चित्रित झाल्यामुळे ती युक्ती तिथे चालेना, तेव्हा मॅकेलनला हिरव्या पडद्यासमोर एकट्यानेच ड्वार्फांशी बोलावं लागलं. त्या एकटेपणाने आपल्याला रडू कोसळलं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. खलनायक अझोगही संगणकावर घडवलेला आहे आणि तो तसा दिसतो. मूळ दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो २०१० मध्ये बाजूला झाल्यावर जॅक्सनला घाईने सूत्रं घ्यावी लागली. त्याची खूण मधूनमधून जाणवतेच.

काही चित्रपटगृहांत हॉबिट सेकंदाला ४८ फ्रेमच्या वेगाने दाखवला गेला तेव्हा तो टीव्ही मालिकेसारखा दिसतो, अशी ओरड झाली होती. घरी तो नेहमीच्या २४ फ्रेममध्येच दिसतो, तेव्हा ती चिंता सोडा. फक्त टीव्हीच्या सेटिंगमधलं हालचाल गुळगुळीत करणारं ते ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा, म्हणजे दोन्ही सिनेमे बरे दिसतील.

वेळेचा हिशेब असा. ‘फेलोशिप’ १७८ मिनिटांचा, हॉबिटचा पहिला भाग १६९ मिनिटांचा. म्हणजे एका बैठकीपुरता फरक नाहीच. तिन्ही भाग धरले तर ‘रिंग्ज’ सव्वानऊ तासांच्या वर जातो आणि हॉबिट आठ तासांच्या आत राहतो. पण हे आठ तास १९३७ मध्ये आलेल्या, मुलांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकातून ताणून काढलेत. आधी दोनच सिनेमे व्हायचे होते, तिसऱ्याची घोषणा २०१२च्या जुलैमध्ये झाली. पहिल्या भागात बिल्बो घराबाहेर पडेपर्यंत जवळजवळ पाऊण तास जातो. मला तो आवडतो, पण घरात जांभया सुरू झाल्या तर मी कोणाला दोष देणार नाही. ‘रिंग्ज’ची वाढीव आवृत्ती मात्र पहिल्या खेपेला घेऊ नका.

लहान मुलांचं म्हणाल तर ‘फेलोशिप’मधले काळे घोडेस्वार खरोखर भीती घालतात आणि रिव्हेंडेलमध्ये म्हाताऱ्या बिल्बोचा चेहरा क्षणभर बदलतो तेव्हा मोठीही दचकतात. हॉबिटमध्ये मारामारी भरपूर आहे, पण बरीचशी गमतीच्या अंगाने जाते. तीन बावळट ट्रोल बिल्बोला पकडतात तो प्रसंग मुलांना हमखास आवडतो. एक जागा सांभाळा : मागच्या लढाईच्या आठवणीत एका राजाचं शिर उडवलेलं दाखवतात. रिमोट हाताशी असू द्या. सबटायटल दोन्हीकडे चालू ठेवा, नाहीतर तेरा ड्वार्फांपैकी त्यांचा म्होरक्या थोरिन सोडून कोणाचंही नाव कळणार नाही. तसं सबटायटल लावूनही फारशी लक्षात राहत नाहीत.

तेव्हा बारा-तेरा वर्षांपुढचे सगळे असतील तर ‘फेलोशिप’ लावा, त्याचे पुढचे दोन भाग बघा आणि हॉबिट नंतर, मूड असेल तेव्हा. पोरं लहान असतील तर हॉबिटचा पहिला भाग लावा आणि तिथे थांबा. त्याचा शेवट गरुडांच्या पाठीवरून सुटका आणि लांबवर दिसणारा डोंगर असा बऱ्यापैकी समाधानाचा आहे. दुसरा सुरू केलात तर अडकाल, कारण तो ड्रॅगन नगराकडे झेपावतो तिथेच तुटतो आणि त्याचं पुढे काय होतं ते तिसऱ्याच्या सुरुवातीलाच उरकून टाकलं आहे. पुढची लढाई पळवत बघितलीत तरी बिल्बो आणि थोरिनचं शेवटचं बोलणं सोडू नका.