रॅम वाढवू की एसएसडी बसवू?

मामेभावाचा जुना डेस्कटॉप सारखा अडकतो. 4 जीबी रॅम (चालू कामं धरून ठेवणारी मेमरी), जुनी हार्ड डिस्क, आणि पैसे एकाच वस्तूपुरते: जास्त रॅम किंवा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान साठवण.

म्हटलं, संगणक अडकला की कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर बघ. मेमरी 90 टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. मग विंडोज डिस्कलाच रॅमसारखं राबवतं आणि तीही 100 वर जाते. मेमरी निवांत, डिस्क एकटीच 100 वर? मग एसएसडी.

रॅम पाच मिनिटांत बसते. फक्त रॅमच्या पिढ्या वेगळ्या असतात, डीडीआर3च्या खाचेत डीडीआर4 जात नाही, तेव्हा आधी जुनी पट्टी काढून बघ. एसएसडीसाठी विंडोज क्लोन करायचं (जसंच्या तसं उतरवायचं) किंवा नव्याने टाकायचं, म्हणजे एक संध्याकाळ गेलीच. पण हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 100-150 एमबी वाचते, साटा (हार्ड डिस्कसारख्याच जोडणीची) एसएसडी 500च्या आसपास. शिवाय ती उद्या नव्या संगणकातही चालेल. जुनी रॅम बहुधा नाही.

ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडणाऱ्याने रॅम घ्यावी. सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागत असतील तर एसएसडी. माउसचा बाणसुद्धा गोठत असेल तर खरेदी थांबव, संगणक तापत असेल, आधी पंख्यातली धूळ काढ.