टीआरएक्स-४, ३१३ चं किट का स्वस्तातली चायना गाडी: कोल्हापुरात रॉक क्रॉलर घेताना काय बघायचं

रॉक क्रॉलर म्हणजे दगडांवरून सावकाश चढणारी रिमोटची छोटी गाडी. ती घ्यायची तर पहिलं हे ठरव की तुला गाडी चालवायची हाय का बांधायची हाय. दोन्ही म्हणशील, सगळे तेच म्हणतात, पण बजेट एकच असतंय आणि रविवार पण एकच असतोय, त्यामुळं कुठलं तरी एक वरचढ ठरतंच. मी तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवतो. ट्रॅक्सस टीआरएक्स-४ किंवा त्या जातीची रेडी टू रन गाडी, ३१३ मिमी व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर) चेसिस, म्हणजे सांगाडा, घेऊन स्वतः बांधलेली १:१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची) गाडी, आणि डब्ल्यूपीएल नाहीतर एमएन कंपनीची स्वस्तातली चायना. बारक्या १:२४ वाल्यांबद्दल पण जाता जाता बोलू. माझा कल लपवत नाय, किटकडं हाय, आणि त्याचं कारण गाडीत कमी आणि गावात जास्त हाय. इथं धातूचं काम गल्लीत होतंय, प्लास्टिकचा स्पेअर मात्र कुरिअरनं येतोय. त्यामुळं यूट्यूबवर बघून केलेला हिशोब आपल्याकडं जसाच्या तसा बसत नाय.

टीआरएक्स-४ पासून सुरू करू. २०१७ ला ही आली आणि एकदम गाजली ती मेनली पोर्टल अ‍ॅक्सलमुळं. पोर्टल म्हणजे प्रत्येक चाकाच्या हबमध्ये गिअरची एक जोडी असते, त्यामुळं अ‍ॅक्सलची नळी चाकाच्या सेंटरपेक्षा वर बसते आणि डिफचा (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलचा) गोळा दगडाला घासत नाय. एवढं सगळ्यांना माहीत असतंय. दुसरा फायदा कमी लोक सांगतात, तो असा की शेवटचं रिडक्शन (वेग कमी करून जोर वाढवणं) चाकापाशी होत असल्यानं मधल्या शाफ्टवर टॉर्क (पिळाचा जोर) कमी येतो, म्हणून उभ्या दगडावर थ्रॉटल दिला की चेसिस एका कुशीवर पिळून उठते तो प्रकार पोर्टलवाल्या गाडीत बराच कमी. त्यात पुढचं मागचं डिफ रिमोटवरून लॉक (दोन्ही चाकं एकत्रच फिरतील असं) आणि अनलॉक करता येतंय आणि दोन स्पीडचा गिअरबॉक्स हाय. डब्यातून काढली, बॅटरी टाकली की निघाली, इलेक्ट्रॉनिक्स वॉटरप्रूफ. चालवणाऱ्या माणसाला यापेक्षा सोपं काय नाय.

आता तिची दुसरी बाजू. रिमोट लॉक ऐकायला भारी वाटतंय पण दगडावर आलास की तू दोन्ही डिफ लॉकच ठेवणार, अनलॉकचा उपयोग सपाट कडक रस्त्यावर कमी जागेत वळायला. म्हणजे ट्रेलवर फिरणाऱ्याला कामाचं, निव्वळ दगड चढणाऱ्याला चैन. आणि ती लॉक खेचायला चेसिसवर बारके सर्वो (रिमोटप्रमाणं ठराविक कोनात फिरणाऱ्या मोटरी) आणि तिथून अ‍ॅक्सलपर्यंत केबल, त्या केबलीत तांबडी माती गेली की लॉक अर्धवट लागतंय आणि तुला कळत पण नाय, तू आपला टायरला शिव्या देत बसतोस. पुढं रेडिओ बदलायचा म्हटलास तर चार-पाच चॅनलचाच (एकेका कामाला एक चॅनल) लागणार, दोन चॅनलचा स्वस्त चालणार नाय. अजून एक, स्पोर्ट नावाचं जे व्हर्जन हाय त्यात रिमोट लॉक पण नाय आणि दुसरा स्पीड पण नाय, दोन्ही डिफ कायमचे लॉक. ते वाईट नाय, उलट साधं म्हणून मला आवडतं, पण "टीआरएक्स-४ स्वस्तात मिळाली" म्हणून कोणी नाचत असेल तर आधी ते बघ.

३१३ हा आकडा आला अ‍ॅक्सियलच्या एससीएक्स१० टू च्या व्हीलबेसवरून, आणि त्याच मापावर चायनाच्या लोकांनी एवढे पार्ट काढलेत की आता ते जवळजवळ स्टँडर्डच झालंय. चेसिस रेल एकाची, अ‍ॅक्सल दुसऱ्याचा, लिंक (चेसिसला चाकांच्या आसाशी जोडणारा दांडा) तिसऱ्याची, सगळं एकमेकांत बसतंय. स्क्रू एम३, व्हील हेक्स (चाक बसायची षटकोनी चकती) १२ मिमी. किटची खरी ताकद ही हाय.

पण किट स्वस्त पडतंय हा गैरसमज आधी काढ. रोलिंग चेसिसची (मोटर-इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या सांगाड्याची) किंमत बघून लोक उड्या मारतात, मग मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड), सर्वो, रेडिओ, बॅटरी, बॅलन्स चार्जर, टायर, बॉडी असं एकेक घेत गेल्यावर बेरीज रेडी गाडीच्या शेजारी जाऊन बसते, चांगलं सामान घेतलंस तर पुढंच जाते. फरक एवढाच की ते पैसे टप्प्याटप्प्यानं जातात आणि घरी एकदम कळत नाय. ट्रान्समीटर असलेलं पार्सल बाहेरून थेट मागवायला कागदपत्रांची कटकट असू शकते, तो देशातल्याच दुकानदाराकडून घे. लायपोचं (लिथियम पॉलिमर बॅटरीचं) पण तेच, विमानानं पाठवायला बंधनं असतात, त्यामुळं ती रस्त्यानं सावकाश येते. आज मागवली आणि परवा हातात असं होत नाय.

बांधताना वेळ द्यायचा तो अ‍ॅक्सलला. पुढचा अ‍ॅक्सल हातात धर, पिनियन (डिफला फिरवणारा बारका गिअर) दोन बोटांनी फिरव, एका पूर्ण फेऱ्यात कुठं जड जातंय का बघ. जड गेलं तर शिम (पातळ वॉशर) काढ, खुळखुळ वाजलं तर शिम घाल, आणि ग्रीस भरताना हात आखडू नको. डब्यातून आलेल्या कॉपी अ‍ॅक्सलमध्ये ग्रीस नावालाच असतंय, कधी कधी मशिनिंगचा बारीक चुरा तसाच आत असतोय. म्हणून नवाकोरा असला तरी खोल, पेट्रोलनं किंवा डिझेलनं धू, वाळव, मग भर. मोटरच्या पिनियन आणि स्परमध्ये (त्याला लागून फिरणारा मोठा गिअर) वहीच्या कागदाची पट्टी घालून दाब, मोटरचे स्क्रू आवळ, पट्टी काढ, मेश बरोबर. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), प्लास्टिकमध्ये जाणाऱ्याला अजिबात नाय, प्लास्टिक चिरतं. आणि सर्वो चेसिसवर घेतला असशील तर पॅनहार्ड बार (चाकांचा आस बाजूला सरकू न देणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक (सर्वोकडून चाकाकडं जाणारा दांडा) समांतर आणि होता होईल तेवढे एकाच लांबीचे ठेव, नाहीतर सस्पेन्शन दबलं की स्टिअरिंग आपोआप फिरतंय.

आता उद्यमनगरचा, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखान्या-वर्कशॉपच्या भागाचा मुद्दा. क्रॉलर चढतो तो ताकदीवर नाय, खाली बसलेल्या वजनावर. पैलवान कसा उभ्या उभ्या नाय भिडत, खाली वाकून, पाय रोवून पकड धरतोय, तसंच वजन चाकात आणि अ‍ॅक्सलवर पाहिजे, छतावर नाय. नेटवर पितळेच्या वेटचे जे पैसे लावतात ते बघून चक्कर येते. इथं पितळेचा बार घेऊन टर्नरकडं जायचं. बाहेरून ३८ मिमी, आतून ३० मिमी, रुंदी १५ मिमी अशी रिंग काढली तर साधारण ५४ ग्रॅम भरते, अशा रिंगा पुढच्या दोन चाकांत घातल्या की फरक लगेच जाणवतो. माप मात्र आधी तुझ्या रिमच्या आतलं व्हर्नियरनं घे, प्रत्येक बीडलॉक (टायर कडेनं दाबून धरणारी) रिम वेगळी. पुढं जास्त, मागं कमी, ढोबळमानानं ६०-४० धर. लिंक पण तशाच, ६ मिमी रॉडला दोन्ही टोकांना एम३ किंवा एम४ टॅप मारून घेतला की झालं, स्टीलची केली तर खालचं वजन अजून वाढतं. फक्त टर्नरकडं तोंडी माप सांगत उभं राहू नको, कागदावर काढून ने, आणि ऑर्डरची घाई असताना जाऊ नको. चार रिंगांसाठी कोण मशीनचं सेटिंग मोडेल? दुपारचा चहा झाल्यावर जा.

हे सगळं टीआरएक्स-४ वर पण करता येतंय म्हणा. चाकातली रिंग तिला पण बसते. पण पोर्टल हाऊसिंग, पोर्टलचे गिअर, लॉकची यंत्रणा हे तिचं स्वतःचं हाय, ते तुटलं की कंपनीचा नाहीतर तिच्यासाठीच बनवलेला पार्ट मागवायचा आणि तोवर गाडी कपाटात. किटमध्ये लिंक वाकली, शॉक टॉवर मोडला, बंपर गेला तर संध्याकाळपर्यंत दुसरा होतोय. बेअरिंगचं पण ऐक, दुकानात जाऊन "आरसी गाडीचं" म्हणून मागितलंस तर दुकानदार हसेल, नंबरानं माग: ८×१६×५ म्हणजे ६८८, १०×१५×४ म्हणजे ६७००, ५×११×४ म्हणजे एमआर११५.

चायनाची डब्ल्यूपीएल, एमएन पटकन उरकतो. दिसायला या गाड्या किंमतीच्या मानानं लई भारी, एमएनची डी९० तर पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) उभी असलेली १:१२ ची देखणी गाडी. पोराला द्यायला, गॅलरीतल्या कुंड्यांवरून फिरवायला, शौक टिकतोय का बघायला घे, बिनधास्त. पण मॉडिफाय करायचा पाया म्हणून घेऊ नको. रिसिव्हर आणि ईएससी एकाच बोर्डवर, काही मॉडेलचा सर्वो पाच वायरचा, म्हणजे एक चांगला सर्वो लावायला गेलास की बोर्ड, रेडिओ, बॅटरी सगळंच बदलावं लागतं, मग प्लास्टिकचे गिअर जातात, मग मेटलचे घालतोस, मग शाफ्ट जातोय. एवढं केल्यावर हातात असते ती तरीही १:१२ नाहीतर १:१६ ची गाडी, जिला १.९ इंची टायरचा बाजार उघडा नाय. तिला जशी हाय तशी चालव आणि मजा घे.

मोटरवर पैसे घालवायची खाज सगळ्यांना असते, ती दाब. पहिला पैसा सर्वोवर, दुसरा टायरवर. रेडी गाडीतला स्टॉक सर्वो दोन दगडांच्या खाचेत टायर अडकला की नुसता घुंई करून थांबतो, तिथं २५ किलोचा (वजन नव्हे, जोर) मेटल गिअर सर्वो पाहिजे. मात्र तो अडकल्यावर करंट पण तसाच ओढतोय, आणि ईएससीच्या आतल्या बीईसीला (रिसिव्हर आणि सर्वोला वीज देणारा भाग) तेवढं झेपलं नाय तर व्होल्टेज पडतं, रिसिव्हर क्षणभर बंद होतो आणि गाडी नेमकी कड्यावर असताना मागं येते. लोक रेंज कमी हाय म्हणतात, रेंजचा काय संबंध नसतोय. वेगळा बीईसी लाव, प्रश्न मिटला. ईएससीत ड्रॅग ब्रेक कडक पाहिजे, थ्रॉटल सोडला की गाडी उतारावर खिळल्यासारखी थांबली पाहिजे. टीआरएक्स-४ च्या स्टॉक ईएससीत क्रॉल मोड हाय, किटवाल्यानं हॉबीविंगचा १०८० घ्यावा, २एस-३एस (दोन-तीन सेलच्या बॅटरीवर) चालतो आणि ड्रॅग ब्रेक पाहिजे तेवढा सेट करता येतो. मोटर ५४० साइजची, ३५ टर्न (आतल्या तारेचे वेढे) पुरे. ५५ टर्न अजून हळू, फक्त दगडच करणार असशील तर घे.

टायर आपल्या जमिनीप्रमाणं. पन्हाळ्याकडचा जांभा खरखरीत, त्यावर कुठलाही मऊ टायर चिकटतोय, पण बॉडी आणि लिंकची सालटं काढतोय. खालचा काळा दगड उन्हात चांगला, पावसाळ्यात शेवाळ धरला की काचेसारखा, तिथं मऊ कंपाउंड आणि आत मऊ फोम असलेलाच टायर थोडंफार काम करतोय. बॉडीत लेक्सन (पातळ, हलकं प्लास्टिक) आणि एबीएस (कडक, जड प्लास्टिक) हार्ड बॉडी हा वाद कायम चालतो. हार्ड बॉडी फोटोत जिंकते पण अर्धा किलोच्या पुढं सहज जाते आणि ते वजन नेमकं जिथं नको तिथं, वर. चढायचं असेल तर लेक्सन, दिसायचं असेल तर हार्ड, मधलं काय नाय. आणि जागेबद्दल एकच, गडाच्या तटबंदीवर आणि पायऱ्यांवर गाडी घालू नका रे, दगड बाहेर पुष्कळ पडलेत. मसाई पठार पण नको, ते संवर्धन राखीव झालंय आणि फुलांच्या दिवसात तर पायच जपून टाकायचा असतोय.

पावसाळा इथला लांबतोय, जूनपासून गाडीचे हाल. रेडी गाडी डबक्यात घातली तरी इलेक्ट्रॉनिक्स बहुतेक वाचतं, किटला रिसिव्हर बॉक्स सील केलेला पाहिजे आणि सर्वो वॉटरप्रूफ बघूनच घे. बेअरिंग मात्र दोघांचीही सडतात, चिखलातून आणून तशीच ठेवली की महिन्यात चाक कुरकुरतंय. लायपो चार महिने पडून राहणार असेल तर सेलला ३.८ व्होल्टवर ठेव, फुल चार्ज ठेवली की फुगते. या दिवसांत १:२४ ची अ‍ॅक्सियल एससीएक्स२४ किंवा १:१८ ची टीआरएक्स-४एम खरी कामाला येते. हॉलमध्ये चार दगड आणि दोन उशा, झाला ट्रॅक. दुसरी गाडी म्हणून झकास, पहिली म्हणून घेतलीस तर दोन महिन्यात मोठीकडं डोळा जाणारच.

तर, हातात एकरकमी पैसे आणि वेळ कमी, तर टीआरएक्स-४, शक्यतो सेकंड हँड. वेळ हाय, हात चालतात, उद्यमनगरात एखादा ओळखीचा टर्नर हाय, तर ३१३ चं किट, आणि इलेक्ट्रॉनिक्सवर काटकसर करायची नाय. शौकच नक्की नसेल तर एमएन.

सेकंड हँड बघायला गेलास तर बॉडीचे ओरखडे बघून भाव करू नको, ओरखडे असणारच. चारी चाकं एकेक करून हातानं हलव, पोर्टलमध्ये किती खुळखुळ हाय ते बघ. स्विच मारून दोन्ही लॉक खरंच लागतात का ते चाक उचलून तपास, एक चाक फिरवल्यावर त्याच आसावरचं दुसऱ्या बाजूचं चाक त्याच दिशेला फिरलं तर लॉक लागलं, उलट फिरलं तर नाय. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण दाबून धर आणि सर्वोचा आवाज ऐक. आणि जुनी बॅटरी सोबत फुकट देतो म्हणाला तर फुगलीय का ते बघूनच पिशवीत टाक.