कमोडवरची चार इंची उंच सीट: तीन महिने रोज वापरून लिहिते आहे

माझा उजवा गुडघा बदलला त्याला आता साडेतीन महिने झाले. वय ७२. चाळीस वर्षं मी कपडे शिवले, मशीनचा पायडल चालवला आणि माप घेतल्याशिवाय कापडाला कधी कात्री लावली नाही. तरी शस्त्रक्रियेच्या आधीच्या गडबडीत या सीटचं माप घ्यायचं राहून गेलं, आणि त्याचा त्रास घरी आल्यावर दुसऱ्याच रात्री झाला. म्हणून हे सविस्तर लिहिते. ज्यांची तारीख ठरली आहे त्यांनी आत्ताच टेप हातात घ्यावी.

आधी सांगते की वस्तू काय आहे. नेहमीच्या कमोडवर बसवायची जाड, पोकळ प्लॅस्टिकची सीट. बसायची जागा तेवढीच वर येते. बाजारात साधारण २, ४ आणि ६ इंच अशा उंचीच्या मिळतात. काही नुसत्या कडेवर ठेवायच्या असतात, काहींना खालून पकडी असतात ज्या बोल्टने आवळायच्या, आणि काहींना दोन्ही बाजूंना हात असतात, खुर्चीला असतात तसे. मी आज जिला पाचपैकी चार गुण देते आहे ती चार इंची, पकडीची आणि हातांची. पण ती माझी दुसरी सीट.

पहिली मुलीने मागवली होती, सहा इंची. "आई, जितकी उंच तितकं तुला सोपं," असं ती म्हणाली आणि मलाही ते पटलं. तिला हात नव्हते, पकडीही नव्हत्या, खाली नुसते रबराचे तुकडे होते. बसल्यावर माझ्या टाचा जमिनीला टेकेनात, फक्त चवडे टेकत. सीटची कड मांडीखाली रुतायची आणि पाय बधिर व्हायचा. दुसऱ्या रात्री अडीच वाजता पाणी सोडायला मी उजवीकडे वळले आणि सीट माझ्यासकट दीड इंच सरकली. वॉशबेसिनची कड हाताला लागली म्हणून पडले नाही. टाक्यांना जो ताण बसला तो आठवला की अजून पोटात गोळा येतो. मुलगी धावत आली, मला उठवलं, आणि त्यानंतर पाच दिवस मी एकटी बाथरूममध्ये जायला तयार नव्हते. नव्या गुडघ्याच्या पहिल्या आठवड्यात दुखण्यापेक्षा मला ही भीती जास्त जड गेली. दुखण्याला गोळी होती.

मग फिजिओ मॅडम आल्या. त्यांनी मला पलंगाच्या काठावर बसवलं, घरात घालायच्या चपला पायात घातल्या आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत माप घेतलं. १६ इंच. मग कमोडची मूळ सीट वर उचलून नुसत्या कडेची उंची मोजली. साडेचौदा. इथे बहुतेकांची चूक होते, कारण आपण मूळ सीटवरून मोजतो. पण उंच सीट बसवताना मूळ सीट वर उचललेली असते आणि नवी सरळ कडेवर बसते. त्यात जवळजवळ इंचाचा फरक पडतो, आणि या हिशोबात एक इंच फार मोठा. बसायची जागा गुडघ्याच्या घडीच्या साधारण दोन इंच वर असावी आणि पावलं पूर्ण टेकलेली असावीत, असं त्यांनी सांगितलं. साडेचौदा अधिक चार म्हणजे साडेअठरा, घडीच्या अडीच इंच वर. सहा इंची सीटवर मी साडेचार इंच वर बसत होते. टाचा कशा टेकणार?

हे एवढं महत्त्वाचं का, ते मला नीट समजलं तेव्हाच मनापासून पटलं. शस्त्रक्रियेत मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं कापून तिथे धातू बसवतात आणि मध्ये पॉलिथिलीनची चकती घालतात. सांधा नवा होतो. पण खुर्चीतून आपल्याला उठवतो तो मांडीचा पुढचा स्नायू, आणि तो जुनाच असतो. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने आणि सुजेने तो मंदावतो. पहिल्या महिन्यात त्याची ताकद आधीच्या निम्म्यावर येते, कुणाची त्याहूनही खाली. बैठक जितकी खाली, तितकं गुडघ्याला जास्त वाकून त्याच कमजोर स्नायूवर सगळं वजन उचलावं लागतं. मी घरी आले तेव्हा माझा गुडघा जेमतेम ७८ अंश वाकत होता. साध्या खुर्चीतून नीट उठायला नव्वदच्या पुढे लागतो. म्हणजे मूळ कमोडवरून मला उठता येणं शक्यच नव्हतं, मी कितीही जिद्द केली तरी.

दुसरी सीट आली आणि बसवायला वीस मिनिटं गेली. डावी-उजवीकडे दोन पकडी, प्रत्येकीला एक बोल्ट. बसवल्यावर मॅडमनी ती दोन्ही हातांनी चारही दिशांना हलवून पाहिली आणि मगच मला बसू दिलं. त्यांनी शिकवलेली पद्धत मी अजून तशीच पाळते. वॉकर घेऊन मागे मागे जायचं, दोन्ही पोटऱ्यांना सीट लागेपर्यंत. मग ऑपरेशनचा पाय थोडा पुढे सरकवायचा. एक हात मागे नेऊन सीटचा हात धरायचा, मग दुसरा, आणि सावकाश टेकायचं. उठताना दोन्ही तळहात सीटच्या हातांवर सरळ खाली दाबायचे, उभं राहिल्यावर एकेक हात वॉकरवर न्यायचा. वॉकर ओढून कधीही उठायचं नाही, तो आपल्या अंगावर येतो. आणि सीटच्या एकाच हातावर सगळा भार टाकून तिरकं उठायचं नाही, कितीही घट्ट बसवलेली असली तरी.

सहाव्या दिवशी रात्री मी एकटी जाऊन आले. दिवा लावला, गेले, बसले, उठले, परत पलंगावर आले. मुलगी झोपेतच होती. सकाळी तिला सांगितलं तेव्हा दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं.

आता सीटच्या उणिवा सांगते. डाव्या पकडीचा बोल्ट सैल होतो. साधारण आठवड्यात सीट किंचित डुलायला लागते, त्यामुळे दर रविवारी तो आवळावा लागतो. खोक्यातल्या कागदावर याचा उल्लेख नाही, तो असायला हवा होता. पकडीखाली पाणी साचतं आणि चिकट थर बसतो, म्हणून पंधरा दिवसांनी सीट पूर्ण काढून घासावी लागते. ते काम वाकून करायचं असल्यामुळे पेशंटला जमत नाही, घरातल्या कुणीतरी करायचं. पुढच्या बाजूला हात घालायला जागा कमी आहे. कमोडचं झाकण बंद होत नाही. दोन हातांमधलं अंतर मी मोजलं तर १८ इंच भरलं. मला पुरलं, पण अंगाने भारी माणसाने हे अंतर आणि सीटवर छापलेली वजनाची मर्यादा आधी पाहावी. एक गुण मी कापला तो मात्र बोल्टसाठी, कारण या वस्तूत दुसरं काहीही चालवून घेता येईल, हलणं नाही.

सोबत वापरलेल्या बाकी गोष्टींबद्दल थोडक्यात. पुढे दोन चाकं असलेला घडीचा वॉकर उत्तम, फक्त त्याचंही माप हवं. सरळ उभं राहून हात मोकळे सोडले की वॉकरच्या मुठी मनगटाच्या घडीशी याव्यात. माझा आधी दोन खाचा उंच होता आणि आठवडाभर खांदे भरून आले होते. मागच्या पायांची रबरी टोपणं झिजतात, ती बघत राहा. मी वॉकरला पुढे एक कापडी पिशवी शिवून लावली, चष्मा, फोन आणि पाण्याच्या बाटलीसाठी, कारण दोन्ही हात अडकलेले असताना काही धरून चालायचा मोह होतोच. बर्फाची जेलची पिशवी दोन घ्या, एक वापरात, एक फ्रीझरमध्ये. मध्ये कापड घालून पंधरा-वीस मिनिटं. लांब दांड्याचा चिमटा मी फारसा वापरला नाही.

एक वस्तू मात्र घेऊ नका, ती म्हणजे गुडघ्याखाली ठेवायची मऊ उशी. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किंचित वाकवून उशीवर ठेवला की फार बरं वाटतं आणि तिथेच घात होतो. पाय सरळ होणं हे वाकण्याइतकंच गरजेचं आहे. कापडाला चुकीच्या जागी घडी बसली की इस्त्रीनेही पूर्ण जात नाही, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. उशी ठेवायची तर टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने सरळ होतो. दुखतं. तरी टाचेखालीच ठेवा.

उंच सीटबद्दल मला आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कारण ती माझ्या बाबतीत घडणार होती. सीट इतकी सोयीची वाटायला लागली की घरातली प्रत्येक खुर्ची मी उशा टाकून उंच करून घेतली. मॅडमनी ते पाहिलं आणि एकेक उशी काढायला लावली. "काकू, सीट तुम्हाला पडू देऊ नये म्हणून आहे. गुडघा वाकवायचं काम वेगळं, ते रोज करायचंच," असं त्या म्हणाल्या. मग दिवसातून तीन वेळा टाच पलंगावर घासत आत ओढायची, मांडी आवळून धरायची, पाय सरळ उचलायचा. दोन आठवड्यांनी ९५ अंश झाले, सहा आठवड्यांनी ११२. सातव्या आठवड्यात सीटचे हात काढून पाहिले, पण भीती वाटली, परत लावले. नवव्यात काढले ते कायमचे. बाराव्या आठवड्यात सीटच काढली. घाई करू नका, आणि वर्षभर ठेवूही नका. कधी काढायची ते तुमच्या फिजिओथेरपिस्टला विचारा.

सूज अजून संध्याकाळी येते, ती काही महिने राहू शकते असं सांगितलं आहे. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर आहे, हात लावला तर मध्ये अस्तर असल्यासारखं वाटतं. चालताना कधी टक असा आवाज येतो. धातू आणि प्लॅस्टिकचा सांधा आहे, येतो आवाज. या तिन्हींना मी घाबरले होते आणि तिन्ही सर्वसाधारण निघाल्या. पण पोटरी एकाएकी दुखून सुजली, किंवा धाप लागली, किंवा व्रण लाल होऊन पाझरू लागला, तर थांबायचं नाही, ताबडतोब डॉक्टर. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

सीट आता माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे जाते आहे. पुढच्या महिन्यात त्यांचा खुब्याचा सांधा बदलणार आहेत, आणि मागच्या बाजूने उघडून करणार आहेत. त्यांना सुरुवातीचे काही आठवडे खुब्यात ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, ऑपरेशनचा पाय आत वळवायचा नाही, नाहीतर सांधा निखळायची भीती. माझ्या बाबतीत खालच्या कमोडवर बसणं म्हणजे उठता न येणं, त्यांच्या बाबतीत ते धोक्याचंच. म्हणून या वेळी मी आधी त्यांच्या घरी गेले, टेप घेऊन. मूळ सीट उचलून कडा मोजली, १५ इंच. चपला घालून गुडघ्याची घडी मोजली, १७. चार इंच त्यांना बरोबर बसतात. दोन्ही मापं कापडाच्या पट्टीवर लिहून सीटच्या हाताला टाचली आहेत, आणि डावा बोल्ट कसा आवळायचा ते पुतण्याला दोनदा करून दाखवलं आहे.