मोहरी की तोरिया? खान्देशातल्या रब्बीसाठी

तेलबियांत यंदा नवं काही पेरायचं म्हणणाऱ्यांनी आधी एकच गोष्ट पाहावी: रान केव्हा मोकळं होतं?

मूग-उडीद काढून सप्टेंबरच्या मध्याला शेत रिकामं झालं, तर तोरिया, म्हणजे मोहरीचाच लवकर येणारा भाऊबंद, बसतो. ८० ते ९५ दिवसांत तो निघतो आणि त्याच रानात उन्हाळी भुईमूग घेता येतो. सोयाबीननंतर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी होणार असेल, तर मोहरीच. तिला साधारण ११० ते १२० दिवस लागतात. डिसेंबरात उपटलेल्या कपाशीच्या रानात मात्र दोन्ही नकोत. उशिरा पेरलेल्या मोहरीवर मावा ही रस शोषणारी कीड तुटून पडते आणि दाणा भरायच्या वेळी फेब्रुवारीचं ऊन लागतं. तिथे हरभराच बरा.

तोरिया लवकर निघत असल्याने माव्यातून बराच सुटतो, पण ऑक्टोबरच्या उन्हात कोवळ्या रोपांवर काळी अळी येते. दुसरी अडचण मोठी आहे. तोरियाला स्वतःच्या परागाने शेंगा फारशा धरत नाहीत, मधमाश्या लागतातच. आजूबाजूला कपाशीवर फवारण्या चालू असतील तर शेंगा कमी धरतील. मोहरी बहुतांशी स्वपरागी, म्हणून इथल्या शिवारात ती जास्त भरवशाची.

पाण्याचं गणित दोघांचंही हलकं. मोहरीला फुलोऱ्यापूर्वी एक आणि शेंगा भरताना एक, अशा दोन पाळ्या वेळेवर मिळाल्या तरी पीक हाती येतं. गव्हाला पाच-सहा लागतात. बियाणं एकरी दोन किलो पुरे; बारीक असल्याने वाळूत मिसळून पेरा. गंधक विसरू नका, तेलाचा उतारा त्यावर असतो.

आता विक्री, आणि माझं मत इथेच मोहरीकडे झुकतं. आपल्याकडे मोहरी फोडणीला लागते, तेल शेंगदाण्याचं नाहीतर सोयाबीनचं. म्हणजे किराणा-मसाल्याचा व्यापारी हे पहिलं गिऱ्हाईक, आणि त्याला तिखट राईच हवी. तोरियाचा दाणा कमी तिखट, तो घाण्यालाच जाणार. २०२५-२६ च्या हंगामाचा मोहरीचा हमीभाव ५,९५० रुपये क्विंटल होता, पण जवळ खरेदी केंद्र आहे का हे पेरणीआधी विचारा. घाणेवाला ठरलेला नसेल तर तोरियाच्या वाटेला जाऊ नका.

दोन्ही पिकांत पिवळा धोत्रा हे विषारी तण फुलण्याआधी उपटाच. नदीकाठच्या रानांत तो सहज उगवतो. त्याचं बी मोहरीसारखंच काळं आणि बारीक, चाळणीने पूर्ण वेगळं होत नाही. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने माणसं दगावली होती. घरच्यासाठी घाण्यावर तेल काढणार असाल तर मळणीपूर्वी शेतातून एक फेरी मारून उरलेली झाडंही काढून टाका.